सोमवार बोलत नाही

सोमवार सोडून कुठलाही वार चालेल, असं उत्कर्षानं पुण्याच्या कंपनीला पुन्हा पुन्हा कळवलं होतं. कंपनीचे शिवशरण साहेब मात्र नेमके सोमवारीच सोलापुरात होते. त्यामुळे ठरलं ते सोमवारचंच.

"आई, उद्याचा एवढा सोमवार मंगळवारी नाही का करता येणार?" तिनं रविवारी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

बजाबाई शेंगा फोडत होत्या. "महादेवाला इचार. त्यो व्हय म्हनला तर करीन."

"अगं, माझ्या एवढ्या कामाचा निकाल आहे उद्या."

"म्हनून तर मोडायचा न्हाय. अडीनडीला मोडतो त्याला नेम म्हनत न्हाईत बाई, सवड म्हनत्यात."

बजाबाईंचा नेम असा होता : सोमवारी आंघोळ झाली की संध्याकाळी देवापाशी दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे व्रत त्यांनी लग्न होऊन आल्या आल्या घेतलं, आणि पुढं पदरात लेक आली, तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आई बोलत नाही आणि लेकीला दिसत नाही, म्हणजे सोमवारी त्या घरात हातवारे करायचीही सोय राहिली नाही. नातेवाइकांनी सुचवलं, व्रत सोडा. शेजारणींनी सुचवलं, निदान लेकीपुरतं बोला, देव समजून घेईल. बजाबाईंनी दोन्ही सल्ले शांतपणे ऐकले आणि हातातल्या बांगड्या वाजवल्या. एकदा वाजल्या की 'हो'. दोनदा वाजल्या की 'नाही, थांब'. आणि मनगट हलवून खळखळ वाजवल्या की 'असशील तिथून इकडं ये'. उत्कर्षा चालायच्या आधी ही भाषा शिकली. मौन तोंडाचं असतं, मनगटाचं नव्हे, असा बजाबाईंचा शास्त्रार्थ होता. भजनी मंडळातल्या एकीलाही तो खोडून काढता आला नव्हता, कारण वाद घालायला बायका यायच्या त्या नेमक्या सोमवारीच.

सून पूनम घरात आली आणि पहिल्या महिन्यातच ही भाषा शिकली. अडचण होती ती फक्त कुंडलिकरावांची. त्यांचा सारा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला होता. मंगळवेढा असो की बार्शी, एसटीत एकदा घंटी वाजली की गाडी थांबते आणि दोनदा वाजली की सुटते. घरात त्याच्या बरोबर उलटं. निवृत्त होऊन काळ लोटला, तरी मागून दोन ठोके आले की त्यांचा पाय आपोआप पुढं पडायचा. सोमवारी बायकोनं 'नाही' म्हटलेलं काम त्यांनी उरकून टाकलं आणि 'हो' म्हटलेलं तसंच ठेवलं, असं कितीदा तरी झालं होतं.

"आवं, थांबा म्हनलं हुतं ना मी?" मंगळवारी सकाळी बजाबाई विचारायच्या.

"डबल बेल दिलीस की तू," कुंडलिकराव म्हणायचे.

उत्कर्षा प्रोग्रॅमर झाली. संगणकावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज तिच्याकडे होता. पण तो एकेक कंस, एकेक स्वल्पविराम, एकेक मोकळी जागा अशा निष्ठेनं वाचायचा, की ओळ संपेपर्यंत डोक्यातला विचार उठून निघून गेलेला असायचा. "पोथी वाचणाऱ्या भटजींना मध्येच थांबवता तरी येतं," ती वैतागून म्हणायची. मग एका सोमवारी, आई न बोलता सगळं घर चालवत असताना, तिच्या मनात आलं, की आपल्याला बोलणारा एडिटर नकोच आहे. गप्प बसणारा हवा आहे.

तिनं तसा एडिटर लिहायला घेतला. बरोबर मदतीला मोईन होता. त्यालाही दिसत नव्हतं आणि तोही प्रोग्रॅमर होता. त्या एडिटरमध्ये ओळ बरोबर असली की एकदा बांगडी वाजायची. चुकली की दोनदा. अख्खा प्रोग्रॅमच कोसळला तर खळखळाट. कंसाच्या आत कंस, त्याच्या आत आणखी कंस असं खोल जावं तसा आवाज बारीक होत जायचा, जशी आई माजघरातून परसात जाते तशी. बांगड्या अर्थात बजाबाईंच्याच. देवघराचं दार लावून, मोबाइल मनगटाशी धरून त्या टिपून घेतल्या होत्या. एडिटरचं नाव तिनं ठेवलं 'सोमवार'.

मोईन म्हणाला होता, "नाव बी लई ब्येस. सोमवार बोलत नाही, पण सोडत बी नाही."

आजवर कधी गोंधळ झाला नव्हता, कारण उत्कर्षा कानात इअरफोन घालून काम करायची. पण साहेबांनी कळवलं होतं, की त्यांना सगळं नीट ऐकायचं आहे आणि कंपनीसाठी टिपूनही न्यायचं आहे. म्हणून मोईननं भावाच्या मंडपाच्या दुकानातून मोठा स्पीकर आणला. त्याची वायर जेमतेम एका प्लगला पोचली, आणि तो प्लग होता स्वयंपाकघराच्या दाराला लागून, म्हणजे बरोबर जिथं बजाबाई सोमवारी उभ्या राहून घर चालवायच्या तिथं.

त्यातून सोमवारी नळाला पाणी आलं.

जुळे सोलापूर या त्यांच्या उपनगरात पाणी येणं म्हणजे सण. ते कुठल्या दिवशी येईल हे पालिकेला ठाऊक, कधी कधी तिलाही नाही. हौद भरला की मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची आणि टाकी भरली की लगेच मोटर बंद करायची, हे काम कुंडलिकरावांचं. टाकी सांडली तर पाणी थेट पुढच्या पायरीवर पडतं आणि अख्ख्या गल्लीला दिसतं. इतक्या दिवसांनी आलेलं पाणी सांडणं हा त्या गल्लीत चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता.

शिवशरण साहेब आले ते हातात मोठी पिशवी घेऊनच. बूट पायरीवर काढून आत आले, घर बघून म्हणाले, "वा, किती प्रसन्न!" मग त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं.

"मॅडम, स्क्रीन बंद आहे का?"

"हो, बंदच ठेवते," उत्कर्षा म्हणाली. "चालू ठेवून कुणी बघायचं?"

मोईन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर करुणा आली. ती या दोघांना दिसली नाही, पण त्यांनी सोडलेल्या सुस्काऱ्यावरून समजली. असे सुस्कारे उत्कर्षानं आयुष्यभर ऐकले होते. त्यांच्या मागोमाग सत्कार येतो हे तिला अनुभवानं माहीत होतं. आतल्या कपाटात नऊवारी ठेवायला जागा नव्हती, इतक्या सत्काराच्या चादरी साठल्या होत्या. एकाही सत्कारवाल्यानं तिचा प्रोग्रॅम चालवून बघितला नव्हता.

"आमच्याकडं तुमच्यासारखी काही मुलं कामाला आहेत," साहेब म्हणाले. "त्यांच्यासाठी हे घ्यायचं की नाही, ते आज मी ठरवायचंय. हा एक बिघडलेला प्रोग्रॅम आणलाय. आमच्याच लोकांनी मुद्दाम चुका घातल्यात. तुम्ही तो दुरुस्त करून दाखवा. घाई नाही. जमलं नाही तरी प्रयत्न कौतुकास्पदच आहे."

"कौतुकास्पद म्हणजे घेणार नाही," उत्कर्षा मोईनच्या कानाशी पुटपुटली.

"हौ," मोईन म्हणाला. "तो शब्द मला बी पाठ हाय."

तिनं साहेबांचा प्रोग्रॅम उघडला. तो इतका बिघडलेला होता, की 'सोमवार'नं मंडपाच्या स्पीकरमधून बांगड्यांचा असा काही खळखळाट केला, जणू शंभर सवाष्णींनी एकदम ओटी भरायला हात पुढं केले असावेत.

पूनम पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. "काय झालं आई?"

कुंडलिकराव मोटर चालू सोडून धावत आले. "आलो आलो! काय झालं गं?"

आणि आपल्या नावानं कोण बोलावतंय हे बघायला खुद्द बजाबाई परसातून आल्या. तिघं दारात एकमेकांकडे बघत उभी राहिली.

साहेबांना वाटलं, घरची मंडळी सोहळा बघायला जमली. ते उठले आणि पिशवीत हात घालत म्हणाले, "आलाच आहात सगळे, तर आधी छोटासा कार्यक्रम उरकून घेऊ." पिशवीतून चादर निघाली. सोलापुरी. पुण्याच्या साहेबांनी ती स्टेशनवरून येताना सोलापुरातच घेतली होती, सोलापूरच्याच मुलीसाठी.

"साहेब, आत्ता नको," उत्कर्षा म्हणाली. आवाज मऊ होता, पण पुढं जायला वाट नव्हती. "काम चाललंय."

साहेब चादर मांडीवर घेऊन बसले. पूनमनं त्यांच्यापुढं चहा आणि चिवड्याची बशी आणली. त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात 'सोमवार'ला एका ओळीत चूक सापडली. दोनदा बांगड्या वाजल्या.

पूनमनं बशी मागं घेतली.

साहेबांचा हात हवेत राहिला. पूनमनं सासूकडे बघितलं. साहेबांना चिवडा का द्यायचा नाही, ते तिला कळेना. उपवासाचा नाही म्हणून? की शेंगा खवट निघाल्या? इकडे उत्कर्षानं ओळ दुरुस्त केली, बांगड्या एकदा वाजल्या. पूनमनं बशी पुन्हा पुढं केली. साहेबांनी बोटं चिवड्यात घातली. पुढच्या ओळीवर पुन्हा दोनदा. बशी गेली.

"राहू दे, मी काही खाऊन आलोय," साहेब कसंनुसं म्हणाले.

कुंडलिकराव तिकडे परत मोटरपाशी पोचले होते. टाकी भरत आली होती. ते बंद करायला बटणावर बोट ठेवतात तोच घरातून दोनदा बांगड्या वाजल्या. डबल बेल. त्यांनी बोट काढून घेतलं. मग मनात शंका आली, की घरातली भाषा उलटी आहे, दोन म्हणजे थांब. म्हणून त्यांनी मोटर बंद केली. तेवढ्यात बांगडी एकदा वाजली. घरच्या भाषेत एक म्हणजे 'हो'. त्यांनी पुन्हा चालू केली. मग दोन. मग एक. मग एक, दोन, दोन.

"ह्या बाईला मोटर चालू पायजे का बंद?" ते कपाळ धरून म्हणाले. शेवटी, आपल्या नोकरीवर श्रद्धा ठेवून त्यांनी मोटर चालूच ठेवली.

टाकी सांडली.

पाणी पायरीवर धबाधबा पडायला लागलं. साहेबांचे बूट आधी हलले, मग तरंगले, मग एकामागोमाग एक शेजारच्या केराबाईंच्या अंगणाकडे निघाले.

"ओ कंडक्टर!" केराबाई ओरडल्या. "पानी वाया चाललंय की! इतक्या दिसानं आलंय आन् वतायलेत बगा! आन् हे बूट कुनाचं?"

बजाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी पाणी बघितलं, बूट बघितले, आणि नवऱ्यानं मोटर बंद करावी म्हणून खऱ्या बांगड्या जोरानं दोनदा वाजवल्या.

आवाज आला तो स्पीकरच्याच बाजूनं. उत्कर्षा त्याच क्षणी एका अगदी बरोबर ओळीवर होती. तिला वाटलं, हीच चूक. तिनं ओळ खोडली. बजाबाईंनी पुन्हा दोनदा वाजवल्या. तिनं पुढचीही खोडली. जी ओळ सगळा प्रोग्रॅम तोलून धरत होती तीच गेली. प्रोग्रॅम कोसळला आणि मंडपाच्या स्पीकरमधून खळखळाट झाला.

पूनम पुन्हा धावत आली. कुंडलिकराव पुन्हा धावत आले, मोटर तशीच. केराबाईही आल्या, हातात एक ओला बूट घेऊन, कारण खळखळाट म्हणजे 'इकडं या' हे शेजारालाही ठाऊक होतं.

शिवशरण साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला. ते माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "कल्पना छान आहे. पण यात आवाज हवा. बोलणारा. एखादा गोड, बायकी आवाज घाला. 'ताई, तुमचा कंस राहिला' असं प्रेमानं सांगणारा."

"प्रेमानं सांगितलं की काम उशिरा होतं, साहेब."

"अहो, पण दिव्यांगांना आधार वाटतो."

"आधार नकोय. ओळ नंबर हवाय."

मोईन मध्येच म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडी चालवताना शेजारी बसून कोणी 'आता ब्रेक, आता गिअर, आता ब्रेक' असं प्रेमानं सांगायलं तर?"

"तो मुद्दा वेगळा."

"हौ, तिथं तुम्ही चालवायलेत."

साहेबांनी जरा सूर बदलला. "बरं, मला एक सांगा. ही बांगड्यांची भाषा तुमच्या घराबाहेर कोण शिकणार?"

"मी शिकलो की," मोईन म्हणाला.

"तुम्ही रोज इथंच येता. तुम्ही घरचेच झालात. मी परक्या माणसाचं विचारतोय. पुण्यातली मुलं, त्यांनी ही आई पाहिलेली नाही. त्यांना कोण शिकवणार? आणि आत्ता तुम्हालाच घोटाळा झाला ना? घरातल्या बांगड्या कुठल्या आणि एडिटरच्या कुठल्या, तुम्हालाच कळलं नाही."

हे खरं होतं. उत्कर्षाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. एवढ्या दिवसांचं काम, रात्ररात्र मोईनशी घातलेले वाद, आवाज किती बारीक ठेवायचा यावरून झालेली भांडणं, सगळं त्या एका खऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबलं होतं. साहेबांच्या मांडीवरची चादर सरकल्याचा आवाज आला. सत्काराची वेळ जवळ येत होती.

"मी अहवालात चांगलंच लिहीन," साहेब म्हणाले. "प्रयत्न अतिशय कौतुका—"

बजाबाई पुढं आल्या.

पूनम पुटपुटली, "आई, आज बोला की हो. लेकीसाठी बोला." केराबाईही म्हणाल्या, "बोल बाई, महादेव काय म्हनत न्हाय." सगळ्यांना वाटलं, इतक्या वर्षांचं मौन आता सुटतं.

बजाबाईंनी फळीवरची खोबरेल तेलाची बाटली घेतली. दोन्ही मनगटांना तेल चोळलं. आणि सगळ्यांच्या देखत, भर सोमवारी, हिरव्या बांगड्या एकेक करून हातातून काढायला लागल्या.

सवाष्ण बाई बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणत नाही, 'वाढवली' म्हणते. आणि इथं एक नेमधर्माची बाई चुडा उतरवून ताटात ठेवत होती. मंगळसूत्र गळ्यात, कुंकू कपाळावर, आणि मनगटं मोकळी.

"अगं ए!" कुंडलिकरावांचा आवाज चिरकला. "मी जित्ता हाय की अजून! हितं हुबा हाय की!"

बजाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"अगं, पावन्यासमोर काय ह्ये! कुनी म्हनंल काय झालं त्या कंडक्टरला!"

बजाबाईंनी शेवटची बांगडी ताटात ठेवली, ताट देवघरात नेऊन ठेवलं आणि येऊन लेकीच्या मागं भिंतीला टेकून बसल्या. पूनमनं एकदा सासूकडे बघितलं आणि आपल्या धातूच्या बांगड्या सुटकन उतरवून ब्लाउजात खोचल्या. मग केराबाईंनी, कुणी न सांगता, आपले दोन्ही हात बुटासकट पदरात घट्ट गुंडाळले. कुंडलिकराव हळूच जाऊन मोटर बंद करून आले. ह्या वेळी घंटी कुणी दिली नव्हती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं गाडी थांबवली.

घर इतकं शांत झालं, की पायरीवरून निथळणारं पाणी ऐकू येत होतं.

"काय झालं?" उत्कर्षानं विचारलं.

मोईननं मान वळवून कानोसा घेतला. "मावशीच्या बांगड्या गेल्या," तो हळू म्हणाला. "घरात आता फक्त तुझ्याच हायत. चल."

उत्कर्षा वळून आईला काही म्हणणार होती. त्याऐवजी तिनं खोडलेल्या ओळी परत आणल्या आणि ती कामाला लागली. दोन. दोन. एक. पुढं. दोन. एक. एक. बारीक, आणखी बारीक, कंसाच्या आतल्या कंसात, आणि तिथून परत दारापर्यंत. तिची बोटं थांबत नव्हती, अडखळत नव्हती. एकदा तर साहेबांच्या माणसांनी मुद्दाम न घातलेली, त्यांच्या नकळत राहिलेली एक चूकही सापडली.

"ही तुमची स्वतःची दिसते," ती म्हणाली. "काढू का ठेवू?"

"काढा," साहेब म्हणाले.

प्रोग्रॅम चालला. बांगडी एकदा वाजली. बस. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण टाळ्या वाजवायच्या की नाही हे सांगायला त्या दिवशी कुणाच्या हातात बांगड्या नव्हत्या.

शिवशरण साहेब उठले. "तुमचं कसब मान्य आहे मॅडम. अगदी मान्य. पण माझा प्रश्न तसाच राहतो. परका माणूस हे शिकणार कसा? असो. निदान फोटो तरी घेऊ. या, उभ्या राहा." त्यांनी चादर उलगडली, दोन्ही हातांनी धरली आणि उत्कर्षाच्या खांद्यावर घालायला दोन पावलं पुढं टाकली.

दोनदा बांगड्या वाजल्या.

साहेब थांबले. चादर हवेत. एक पाय पुढं, एक मागं.

त्यांनी बजाबाईंकडे बघितलं, मनगटं मोकळी. पूनमकडे बघितलं, मोकळी. केराबाईंचे हात पदरात. उत्कर्षाचं एक बोट कीबोर्डवर होतं, जिथं तिनं मुद्दाम एक उघडा कंस टाकला होता.

"काय झालं की आता?" साहेब म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्यांच्या तोंडातून निघालेला हा 'की' थेट बार्शीचा होता.

"काही नाही," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही का थांबलात?"

"म्हणजे, दोनदा वाजल्या ना—"

"तुम्हाला कुणी शिकवलं, साहेब?"

मोईन आधी हसला. मग पूनम हसली. केराबाईंनी पदरातून हात सोडवले आणि हातातल्या ओल्या बुटासकट टाळी दिली. परका माणूस, ज्यानं ही आई आज पहिल्यांदा पाहिली होती, एका चहाच्या वेळात सगळी भाषा शिकून उभा होता, आणि चादर त्याच्या हातातून खाली येत नव्हती आणि वरही जात नव्हती.

"हे... खरंच कौतुकास्पद—"

दोनदा.

साहेबांनी चादर खाली केली. "वापरून बघायला हरकत—"

दोनदा.

साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "घेतो," ते म्हणाले. "आमच्या मुलांसाठी घेतो. तसं लेखी देतो."

एकदा.

पूनमनं चिवड्याची बशी पुढं केली आणि ह्या वेळी मागं घेतली नाही.

साहेब गेले ते दोन्ही ओले बूट घालून, आणि चादर घेऊन. ती परत नेण्याबद्दल त्यांना आग्रह करावा लागला नाही; उत्कर्षाचं बोट नुसतं कीबोर्डकडे सरकलं आणि त्यांनी घडी घातली.

त्यानंतर दिवसभर घरात एकच उत्सुकता होती. दिवा लागल्यावर बजाबाई पहिलं वाक्य काय बोलतील? पूनम म्हणाली, "ताईंना शाबास म्हणतील." मोईन मुद्दाम थांबून राहिला होता, तो म्हणाला, "साहेबाला शिव्या देतील." कुंडलिकराव तर सकाळपासून तोंड फुगवून ओसरीत बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला आपण होऊन सांगत होते, "मला काय झालं न्हाय बरं का. ठणठणीत हाय."

तिन्हीसांजेला बजाबाईंनी देवघरात दिवा लावला. हात जोडले, डोळे मिटले, मनातलं मागणं मनात मागितलं. मग बांगड्यांचं ताट उचलून ओसरीत आल्या आणि नवऱ्यासमोर मांडी घालून बसल्या. दोन्ही हात त्यांच्यापुढं केले, भरा म्हणून. कुंडलिकरावांनी रुसूनच एक बांगडी उचलली आणि चढवायचा प्रयत्न केला. ती अंगठ्यापाशी अडली.

"दिवसभर डोसक्यात घोळतंय माज्या," ते म्हणाले. "मी जित्ता असताना तू काडल्याच कशा?"

बजाबाईंनी दिवसभर धरून ठेवलेलं वाक्य अगदी हळू, देवापुढं बोलावं तशा आवाजात सोडलं.

"तुमी जित्ते हाय म्हनूनच काडल्या की. न्हायतर काडायला हातात असत्या व्हय?"

कुंडलिकरावांनी हातातली बांगडी ताटाच्या काठावर एकदाच वाजवली. घरच्या भाषेत की एसटीच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.